तिनं मारलं न्हाई

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भांडण. तेही घरचं नाही. एका बाईनं आपल्या नवऱ्याचा खून केला का नाही, यावर. बाई पिच्चरमधली, मेलेला नवरा पिच्चरमधला, आणि भांडणारे आम्ही दोघं म्हातारे, ओसरीवर, सुनेचा मोबाईल तांब्याला टेकवून.

दिवस कलला होता. मी शेंगा फोडत होतो आणि ही दाणे तोंडात टाकून हिरड्यांनी चघळत होती. नजर मोबाईलवरून हलत नव्हती. मी म्हणालो, "तिनंच मारलंय. घरात बसून काळा चष्मा लावती, ती बाई सरळ कशी असंल?"

"तुमी गप बसा," ती म्हणाली. "तुमाला बैलाचे दात बघून वय कळतं. बाईचं तोंड बघून काय कळत न्हाई."

"तुझं तोंड बघूनच केली ना तुला?"

"कुठं बघितलंत? पदर हुता तोंडावर."

असं आमचं चाललं होतं. सकाळी ती उठली नाही. ते पुढं सांगतो. आधी बाई कशी होती ते सांगायला पाहिजे, कारण गेल्यापासून जो तो तिला साधीभोळी म्हणायलाय. साधीभोळी! मी तिच्यासंगं जन्म काढला, मला विचारा.

पिच्चरचं वेड म्हटलं की लोकांना वाटतं गाणी, साड्या, नट्यांचे फोटो. हिचं तसलं काही नव्हतं. उभ्या जन्मात तिनं बोटावर मोजण्याइतके पिच्चर बघितले असतील. वेड एकाच पिच्चरचं, आणि तोही शेवट न बघितलेला.

थोरला दुष्काळ पडला त्या साली उमापूरकडं पिच्चरचा तंबू आलता. कोसावरून पाणी आणणारी माणसं तंबूला रेटारेटी करायची. कावून? तर त्या पिच्चरमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत पाऊस पडतो, असा बोभाटा झालता. आमचं लग्न नवं होतं. आम्हीपण गेलतो. खून बघायला कोण आलतं? पडद्यावर पहिली वीज कडाडली तसे बायाबाप्ये उठून उभे राहिले. माझ्या म्होरचा एक म्हातारा टोपी काढून टकलावरून हात फिरवायला लागला, जसे काही थेंबच पडायलेत.

गोष्ट अशी. एक गिरणीवाला शेठ असतो, तो त्याच्याच मोटारीत मरून पडलेला सापडतो. त्याची बायको काळा चष्मा लावून फिरते, अंधारातसुद्धा. ती नोकरीवरून काढलेल्या एका फौजदाराला गाठते आणि म्हणते, माझ्या नवऱ्याला कुणी मारलं ते हुडकून दे. फौजदार हुडकायला लागतो, तर ही बाई त्याच्याशीच खोटं बोलते. काल कुठं होतीस? खोटं. नवऱ्याशी भांडण होतं का? खोटं. शेठचा भाऊ आहे, मुनीम आहे, ड्रायव्हर आहे, सगळ्यांवर संशय. फौजदाराचं मन बाईवर बसतं आणि संशयही बाईवरच बसतो. शेवटी तो तिच्या दारात उभा राहतो, अंगावरून पाणी निथळतंय, आणि बाई चष्मा काढायला हात वर नेते.

आणि पडदा पांढरा झाला. नुसता पांढरा.

त्या वक्ताला एकाच पिच्चरच्या रिळांचे डबे दोन तंबूंत फिरवायचे. तिकडचा डबा संपला की इकडं, इकडचा संपला की पुढं. जवळ असलं तर सायकलवर, लांब असलं तर येष्टीच्या टपावर. आमचा शेवटचा डबा गेवराईकडून येष्टीनं यायचा होता, आणि येष्टी वाटेत बंद पडली. मशीन चालवणारा गडी म्होरं येऊन उभा राहिला. "मंडळी, डबा आला न्हाई. खुनी सापडतो, एवढं ध्यानात ठेवा. आता जावा घरला."

लोक खवळले. मागून एकजण वरडला, "कोण हाय बे खुनी? नाव सांग!"

"मला काय म्हाईत? मी पिच्चर बघतो व्हय? मी मशीन बघतो."

घरी येताना ही म्हणाली, "तुमाला काय वाटतं, कुणी मारलं?"

"बाईनं. दुसरं कोण? सारखी खोटं बोलती."

"खोटं बोललं म्हंजे मारलं व्हय? मग तुमची आई रोज एक माणूस मारती."

तिथून भांडण सुरू झालं. माझं ठरलं होतं, बाईनं मारलं. तिला विचारलं तुझं काय, तर म्हणायची, "डबा आल्याबिगर मी कसं सांगू?" आणि लगेच माझं म्हणणं खोडून काढायची. स्वतःचं काही सांगायचं नाही आणि माझं चालू द्यायचं नाही, अशी तिची रीत. पिच्चरपुरती नाही, एकूणच.

त्या उन्हाळ्यात पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं. आम्ही बाप्ये खाली खंदायला, बाया वर दगडी फोडायला. खडीवर बसल्या बसल्या ही बायांना तो पिच्चर सांगायची. दिसाला एक डबा. बायांचे हातोडे तिच्या बोलण्यावर चालायचे. खुनाचा वास आला की हातोडे हळू, गाणं आलं की जोरात. मुकादम लांबून हातोडे ऐकून म्हणायचा, "आज लई हळू चाललंय, कुणी मेलं काय?" शेवट काय सांगायची ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, जिथं तंबूत थांबलं तिथं थांबत असेल.

हिच्या तोंडात एक शब्द कायम होता, काम. कुणी काहीही करो, ही बघणार आणि सांगणार, काम चांगलं झालं का वाईट. नवरी रडली, काम बरं. भिकाऱ्यानं पाय ओढला, काम चांगलं, पण उद्या दुसरा पाय ओढू नको म्हणावं. आमच्या सोसायटीचे चेअरमन एका साली गावात भाषणाला आलते. टँकर वेळेवर येत नव्हते, लोक चिडलेले. चेअरमन बोलता बोलता गहिवरले, रुमाल काढून डोळ्याला लावला. सगळी सभा गप. ही बायांतून मोठ्यानं म्हणाली, "रुमाल वल्ला न्हाई झाला."

मी खाली मान घातली. लोक फिदीफिदी हसले. पण चेअरमन बेरकी माणूस. पुढच्या निवडणुकीला आले तेव्हा बोलायच्या आधी बायांत नजर फिरवून ही कुठं बसलीय ते बघितलं. त्या बारीला खरंखुरं रडले. भाषण झाल्यावर आमच्या दारात चहाला थांबले आणि हिला म्हणाले, "वैनी, काम कसं झालं?"

"आता जमलं," ही म्हणाली. "पर नाक पुसायचं इसरलात. रडणाऱ्याचं आधी नाक गळतं."

मौतीला मात्र लोक तिला नावं ठेवायचे. आमच्यात बायांनी मढ्यापाशी बसून मेलेल्याचे गुण गात रडायचं असतं. ही जायची, बसायची, आणि नुसती बघायची. तिच्या आईच्या वक्ताला पण डोळ्याला टिपूस नाही. काळीज दगडाचं म्हणून भावकीत बोभाटा झाला. मी एकदा चिडून विचारलं, "तुला रडू येत न्हाई का गं?"

म्हणाली, "येतं की. पर चार जणी बघायला लागल्या का माझं मलाच दिसतं, मी कशी रडायली ते. मग थांबतं."

मी यावर लई विचार केला. आजूनबी कळलं नाही. पण खोटं बोलत नव्हती.

पुढं आम्ही ऊसतोडीला जायला लागलो. साखर कारखान्याच्या भाषेत नवराबायको मिळून एक कोयता. मी तोडायचो, ती मोळ्या बांधायची आणि डोक्यावरून गाडीत भरायची. कोपीवर, म्हणजे पाचटाच्या खोपटात, आल्यावर भाकरी थापता थापता तिथल्या बायांना पण तोच पिच्चर. एखादी केजकडची नवी बाई टोळीत आली की पहिल्यापासून. मी म्हणायचो, "अगं, किती डाव सांगशील? मेलेला शेठ पण कंटाळला असंल." ती म्हणायची, "तुमी रोज तीच भाकरी खाता, कंटाळता का?"

मधे एकदा गावात टीव्हीवर तो पिच्चर लागला होता. बाई दारात, फौजदार भिजलेला, आणि लाईट गेली. ही उठली आणि पदर झटकून म्हणाली, "ह्यो पिच्चर माझ्या नशिबात अर्धाच हाय." पण खरं सांगू का, मला तिचं तोंड नाराज दिसलं नाही.

आणि मग सुनेच्या मोबाईलवर तो सापडला. सगळा. सून म्हणाली, "आत्या, शेवटापर्यंत हाय. आता डब्याची वाट बघायची न्हाई." म्हणून त्या दिवशी आम्ही ओसरीवर बसलो.

मला वाटलं, ही आता रडेल, जुने दिवस आठवेल. तसलं काही नाही. बसल्या बसल्या सगळ्या पिच्चरची झडती घ्यायला लागली. तंबूत तिला फौजदार लई आवडला होता. लग्नानंतर कितीतरी दिवस म्हणायची, तुमीबी तशी कॉलर उभी करा की. मी बंडी घालणारा माणूस, कॉलर कुठून आणू? आता त्यालाच म्हणायली, "ह्यो तर निस्ता खांदे उडवायलाय. बिडी ओढतो, पर राख कुठंच झाडत न्हाई. ह्याला मी चांगला म्हणत हुते?"

"जन्मभर म्हणत हुतीस."

"तवा डोळे नवे हुते."

मग मुनीम आला. तंबूत मुनीम कुणाच्या ध्यानातसुद्धा राहिला नव्हता, बारका म्हातारा नट. ही मोबाईलला नाक लावून बसली. "ह्याला बघा. चहा बशीत वतलाय, पर मालक बोलायलाय म्हणून पीत न्हाई. हात हालत न्हाई, निस्ता चहा हालायलाय. ह्याला म्हणत्यात काम. सगळ्यात भारी काम ह्याचं."

पावसालाही तिनं सोडलं नाही. "नळाचा हाय," म्हणाली. "मागं त्या झाडाचं पान हालत न्हाई आन पाऊस बघा कसा आडवातिडवा. रस्त्याची कड कोरडी हाय." आणि हसायला लागली. "आन आपण उठून हुबं ऱ्हायलो हुतो! त्या म्हाताऱ्यानं टोपी काढली हुती!" हसता हसता ठसका लागला, मी तिला पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर ती बोट मोबाईलवर ठेवून सुनेला म्हणाली, मागं घे. परत बघितलं. परत मागं घे. मी म्हणालो, "काय हुडकायलीस?"

"दार बघा," ती म्हणाली. "ही बाई दारातून आत जाती तवा दार लगेच सोडत न्हाई. जरा धरून ठेवती. दर डाव. मागून कुणी यायचं असल्यावाणी."

मी बघितलं. खरंच होतं. बाई आत जाते, हात दारावर तसाच राहतो, मग सोडते.

"त्यानं काय हुतं?"

"नवरा मागून येतो अशी सवय हाय तिला. त्यो मेला हे डोक्याला कळलंय, हाताला न्हाई. जिनं मारलं ती दार धरंल व्हय? ती तर आधी कडी घालंल." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तिनं मारलं न्हाई."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिनं स्वतःचं म्हणणं सांगितलं. डबा यायच्या आधी. मी पण हटणारा नाही. म्हणालो, "दार धरलं म्हणून सुटली व्हय? खोटं बोलली त्याचं काय?"

"कुणाला तरी झाकायली असंल. बाई सोतासाठी एवढं खोटं बोलत न्हाई."

फौजदार दारापाशी आला, बाईचा हात चष्म्याकडं गेला, तेवढ्यात मोबाईलची बॅटरी संपली. सून म्हणाली, चार्जिंगला लावते. ही म्हणाली, "ऱ्हाऊ दे. उद्या बघू. मला कळलंय." जेवलो. अंथरुणावर पडल्यावर मी म्हणालो, "तिनंच मारलंय." ती कूस बदलून म्हणाली, "तिनं मारलं न्हाई. झोपा आता."

सकाळी हात लावला तर गार होती. काही त्रास नाही, आवाज नाही. मी सुनेला हाक मारली.

पोरगा पुण्याला असतो. तो येईपर्यंत न्यायचं नाही असं ठरलं. तोवर बाया जमल्या. माझी चुलत भावजय पुढं बसली आणि रीतीप्रमाणं विचारलं, "भावजी, शेवटी काय बोलली व्हो?"

लोकांच्या बायका देवाचं नाव घेतात, लेकराबाळांना संभाळा म्हणतात. मी काय खोटं सांगू? म्हणालो, "तिनं मारलं न्हाई, असं म्हणली."

दारातून पोलीस पाटील एकदम आत वाकला. "कुणी कुणाला मारलं न्हाई, बप्पा?"

"अरे बाबा, पिच्चरमधल्या बाईनं. काळ्या चष्म्यावालीनं. शेठला."

पाटलाला काही उमगलं नाही. पण तलावाच्या कामावरची सखूबाई पुढं सरकली. "अगं बया, ती गोष्ट! बाईनं कुठं मारलं? खून मुनीमानं केलता की. आमाला खडीवर सांगितलाय तिनं."

"मुनीमानं?" ऊसतोडीतली गंगूबाई म्हणाली. "काय बोलायलीस? दिरानं मारलं. शेठच्या भावानं. मी कोपीवर ह्या कानानं ऐकलंय."

भावजय म्हणाली, "तुमी दोघीबी येड्या. ड्रायव्हरनं मारलं. मला जात्यावर बसून सांगितलं, आन दोनदा सांगितलं."

मढं मधे आणि तिघींची जुंपली. मी ऐकत बसलो. मला तर काहीच सांगितलं नव्हतं तिनं, डबा आला नाही म्हणायची. भांडता भांडता गंगूबाईचा आवाज बारीक झाला. म्हणाली, "त्या साली माझा दीर माझ्या वाटणीचं रान गिळायला बसला हुता. मला लई बरं वाटलं हुतं, त्या दिराला फाशी झाली तवा."

सखूबाई म्हणाली, "आपला मुकादम दिसायला त्या मुनीमासारखाच, न्हाई का? घाण शिव्या द्यायचा बायांना."

मग सगळ्या भावजयीकडं बघायला लागल्या. तिनं इकडं तिकडं बघितलं. शेवटी पदराआडून म्हणाली, "माझी थोरली पोरगी तवा जीपवाल्याच्या नादी लागली हुती."

आधी सखूबाईला हसू फुटलं, मग गंगूबाईला. मग सगळ्याच. मयताच्या घरात बाया हसायल्या, पाटील बिचारा बाहेर जाऊन उभा राहिला. ज्या बाईला जो नको होता, त्याला हिनं फाशी दिलती. जन्मभर.

हसणं थांबल्यावर सखूबाई डोळे पुसत म्हणाली, "मग खरं कुणी मारलं व्हो?"

सून मोबाईल घेऊन आली. हळूच म्हणाली, "मामा, चार्जिंग झालंय. थोडकाच राहिलाय. लावू का?"

सगळ्या माझ्या तोंडाकडं. मी मोबाईलकडं बघितलं. बाई दारात, हात चष्म्याकडं. आता एक बोट लावलं की कळणार होतं. मी बरोबर निघालो असतो तर कुणाला सांगणार? ती बरोबर निघाली असती तर मला टोचणार कोण?

"ठेव आत," मी म्हणालो. "तिनं मारलं न्हाई."

"मग कुणी?"

"ते न्हाई सांगितलं. तेवढं बघायचं राहिलं."

पोराची गाडी अजून नगरच्या अलीकडं आली नव्हती. ऊन ओसरीत चढायला लागलं. गंगूबाई म्हणाली, "सांगा की मग पहिल्यापासून. तसंबी बसायचंच हाय."

मी तिच्या उशाशी मांडी घालून बसलो आणि सांगायला लागलो. एक गिरणीवाला शेठ असतो. त्याच्या मोटारीत मरून पडतो. पाऊस लागलेला. बाई काळा चष्मा लावून फौजदाराकडं जाते. मला तिच्यासारखं सांगता येत नव्हतं, तरी सांगितलं. मधेच ड्रायव्हरच्या जागी मी मुनीम म्हणालो. म्हणालो आणि थांबलो. जरा वेळ थांबलो. बाया वाट बघायल्या होत्या, पुढं काय म्हणून. कुणी टोकलं नाही.

मग मीच म्हणालो, "मुनीम न्हाई, ड्रायव्हर," आणि पुढं सांगायला लागलो.